जोलीनच्या मापाचं धनुष्य

एल्डनने दोरी गालापर्यंत ओढली, तसा जोलीनने श्वास रोखला. मंगळवारी तो एकटाच इस्पितळात जाऊन आला होता. डॉक्टर काय म्हणाले, असं तिने विचारलं की 'काही नाही' म्हणून मोकळा व्हायचा. नवरा थाप मारतोय की खरं बोलतोय, हे त्याच्या हातांवरून तरी कळेल म्हणून ती आज धनुष्याच्या दुकानात आली होती.

हात हलला नाही. बाण सुटला आणि भिंतीशी ठेवलेल्या रबरी हरणाच्या बरोबर काळजात घुसला.

"बघ की! आणि हा म्हणे थकला!" दुकानदार गॉर्डी खूश झाला. "दोन्ही टोकांची ही दोरी फिरवणारी चाकं, हे कॅम, कडक आहेत. ओढताना घाम काढतात, पण बाण कसा गेला बघितलंस?"

जोलीनला हायसं वाटलं. यंदाही हरीण तो आणणार, कापाकापी तिची, आणि हिवाळा नेहमीसारखा निघणार.

एल्डनने दुसरं धनुष्य उचललं. याचे कॅम मवाळ होते. दोरी अलगद मागे आली, पण बाण सुस्त गेला. असल्या धनुष्याला तो आजवर 'पाळणा' म्हणून हिणवत आला होता.

"हेच दे," तो म्हणाला.

जोलीन पुढे झाली. "खांदा दुखतोय का तुझा?"

"नाही गं."

"मग ते पहिलं घे ना! छान जमतंय की तुला!" तिचा आवाज चिरकला.

"त्याचे कॅम एकाच मापाचे. ज्याच्या हाताचं माप, त्यानंच ओढायचं. याचे दोन स्क्रू ढिले केले की माप बदलतं."

गॉर्डी खो खो हसला. "या वयात हात वाढणारेत का तुझे, एल्डन?"

एल्डन हसला नाही. उभ्या जन्मात धनुष्याला हात न लावलेल्या बायकोच्या हातात त्याने ते ठेवलं.

"हिच्या मापाला लाव, गॉर्डी. शिकारीचा हंगाम सुरू होईपर्यंत मी आहे, म्हणालेत डॉक्टर. तोवर शिकवतो हिला."