माहेरचा थांबा

"आजी, बोरखेडीचं आता काहीच उरलं नाही. बसथांब्याला ते नाव कशाला?" वॉर्ड ऑफिसातले साहेब म्हणाले.

"काही उरलं नाही म्हणूनच मागते. नाव तरी राहू द्या," ठकूबाई म्हणाल्या.

बोरखेडी त्यांचं माहेर. शहर वाढत आलं, घरं रस्त्याखाली गेली, भाऊ पांगले आणि थांब्याला नव्या टॉवरचं नाव लागलं.

ठकूबाईंनी तीन वर्षं खेटे घातले. अखेर ठराव झाला, पाटी बदलली. त्याच दुपारी त्या मुद्दाम बसमध्ये बसल्या.

"बोरखेडी! बोरखेडीचं कोण आहे?" कंडक्टर ओरडला. हे नाव असं मोठ्यानं ऐकून किती वर्षं झाली होती!

थांब्यावर न्यायला कुणीही येणार नव्हतं. तरी पदर सावरत त्या लगबगीनं उठल्या.

"थांबा हो दादा, मी आहे बोरखेडीची!"