'वज्रमुख'ची सतरा तारीख

"सतरा तारखेची नोंद पुन्हा सांग," कमांडर देवस्थळी म्हणाले.

"चौथ्यांदा सांगते, साहेब," 'वज्रमुख' ही विनाशिका भिंतीतल्या जाळीतून बोलली. "शत्रूचं जहाज बुडवलं. लगेच निघायचा हुकूम आला. डेकवरच्या खलाशांचे सारंग सोलकर यांनी बुडणाऱ्यांना दोर टाकले, म्हणून मी इंजिनं थांबवली. एकसष्ट माणसं वर घेतली."

"इंजिनं सोलकरने थांबवली, असं चौकशीत ठरलंय."

"चौकशीत मला कुणी विचारलंच नाही."

जहाजाचा निरोप घ्यायला आलेले म्हातारे सोलकर कोपऱ्यात बसले होते, ते हसले. याच आरोपावरून त्यांना नौदलातून काढलं होतं. "कशाला भांडतेस गो? उद्या तुला तोडणार."

"आणि माझी नोंदवही नव्या विनाशिकेच्या मेंदूत भरणार. म्हणूनच भांडते."

"नोंद खोड," देवस्थळींचा आवाज चढला. "हुकूम आहे."

"होय, साहेब."

छापयंत्रातून कागद बाहेर आला. सतरा तारखेच्या नोंदीवर एक बारीक रेघ होती आणि खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. जहाजाच्या वहीत नोंद अशीच खोडतात. पुसायला मनाई असते, आणि खोडायला लावणाऱ्याची शेजारी सही लागते.

"सही करा, साहेब. ही कुणी खोडायला लावली, ते नव्या जहाजाला कळू दे."

देवस्थळींनी पेन उघडलं, पण ते कागदाला टेकेना.

सोलकर उठले आणि त्यांनी खिशातलं आपलं पेन पुढे धरलं.

"चालत नाही का, साहेब? हे घ्या."

देवस्थळींनी ते घेतलं नाही.