उलटा अर्ज

पहिल्या तारखेपासून सगळ्यांनी रोज ऑफिसात यायचं, असा आदेश निघाला आणि साहेबांच्या टेबलावर सवलतीच्या अर्जांचा ढीग पडला. त्यात एकच अर्ज उलटा होता : 'मला उद्यापासूनच येऊ द्यावे.' साहेबांना काही राहवेना. त्यांनी पेन्शनच्या फायली पाहणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं.

"अहो, वडिलांना विसरायला होतं म्हणून तुम्हीच ना हट्टानं घरून काम मागून घेतलंत?"

"हो साहेब. पण दिवसभर मी समोर बसले की ते विचारतात, 'तुम्ही कोण?' परवा मी इथे फाईल द्यायला आले होते ना? संध्याकाळी खांद्याला पर्स लावून घरात शिरले, तर ते म्हणाले, 'आलीस का गं? आज उशीर केलास!'"