क्रूस कुणी पाडला

दंगलीत भिवंडी पेटली त्या आठवड्यात, एका सकाळी साकीनाक्याच्या गावठाणातला दगडी क्रूस मोडून पडलेला दिसला. "मशिदीच्या गल्लीतल्यांचंच काम!" म्हणत गावठाणातली पोरं लोखंडी सळ्या घेऊन निघाली. रेमेतबाय वाटेत आडवी झाली.

"माझ्या इनासनं पाडला रे! पिऊन टेम्पो घातला मेल्यानं."

पोरांनी सळ्या टाकल्या आणि इनासला हातांनीच बडवलं. आईकडे बघत त्यानं मुकाट मार खाल्ला. भुवईवर चार टाके पडले. क्रूसासमोरच राहणाऱ्या फादरांनीही पोलिसांना सांगितलं, "मी काही पाहिलं नाही." प्रकरण तिथंच मिटलं.

शनिवारी रेमेतबाय कन्फेशनला गुडघे टेकून बसली.

"फादर, मी खोटं बोलले. इनास तर घरातच होता."

आता फादर विचारणार, मग क्रूस पाडला कुणी? तिला तरी कुठं ठाऊक होतं! पण जाळीपलीकडून प्रश्न आलाच नाही.

"फादर, माझं प्रायश्चित्त?"

"एक रोझरी म्हण," फादर हळूच म्हणाले, "आणि एक माझ्यासाठी म्हण. मी पाहिलं होतं."