आवडीचा चष्मा

केतकीच्या पोस्टरपुढे तीन परीक्षक उभे होते.

"निळा रंग किती शांत वाटतो," पहिले म्हणाले. दुसऱ्यांना त्यात कमळं दिसली. केतकीने रंगवले होते गावच्या नदीतले मेलेले मासे. पण हल्ली सगळ्यांच्याच डोळ्यांवर आवडीचा चष्मा असे, आणि तो प्रत्येकाला त्याच्या आवडीचंच चित्र दाखवी.

"सर, एकदा चष्मा काढून बघा ना," ती वैतागून म्हणाली.

"कशाला? छानच आहे की."

चार महिन्यांची मेहनत फुकट गेली होती. ती पोस्टर उतरवू लागली, तेवढ्यात तिसऱ्या परीक्षक, पेडणेकरबाईंनी चष्मा काढला. त्या पोस्टरजवळ वाकल्या.

"डोळे जमले नाहीत," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माशाचा डोळा असा चमकत नाही."

केतकीने पेन्सिल पुढे केली. "दाखवता, बाई?"