दादाला उत्तर

ग्रंथपालांच्या थोरल्या भावाने पंथ सोडला, त्यानंतर त्याचं एकच पत्र आलं होतं. "आई कशी आहे, एवढं कळव." बाहेर पडलेल्याशी बोलायचं नाही, त्याला लिहायचं नाही, असा पंथाचा नियम. ग्रंथपालांनी तो कसोशीने पाळला आणि पत्र एका जाड शब्दकोशात ठेवून दिलं.

त्याला आता वीस वर्षं झाली. मध्यंतरी ग्रंथपालांचाही विश्वास उडाला आणि तेही बायकोसह बाहेर पडले. मुलगी मात्र आतच राहिली. तिला पाठवलेलं पत्र यंदाही न फोडता परत आलं, तेव्हा ते भडकलेच.

"कसली ही श्रद्धा! बापाला चार शब्द लिहिले तर हिच्यावर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुमचीच लेक ती," बायको मटार सोलता सोलता म्हणाली. "तुम्ही तरी भाऊजींना कुठे लिहिलंत?"

"तेव्हा बंदी होती गं मला."

"आपण बाहेर पडून नऊ वर्षं झाली. आता कुणाची बंदी आहे?"

ग्रंथपालांनी शब्दकोशातून ते जुनं पत्र काढलं आणि ते लिहायला बसले. दुपारभरात त्यांनी चार कागद फाडले. पाचवा पाकिटात घातला आणि पत्ता अजून तोच असेल या भरवशावर कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. त्या कागदावर एवढंच लिहिलं होतं :

 

"दादा, आई जाऊन सतरा वर्षं झाली. आधी बंदी होती म्हणून कळवलं नाही, आणि नंतर लाज वाटली म्हणून."