महादेवरावांची अट

"परक्या सरकारच्या पैशानं लोकशाही येत नसते, पोरी," महादेवराव म्हणाले. "जो पैसा देईन तोच मालक होईन."

समोर लीना बसली होती. तिच्या देशात लष्कराचं राज्य. हिंदी शिकायला म्हणून ती वर्ध्याला आली आणि नालवाडीत महादेवरावांकडे राहिली; वऱ्हाडी मात्र त्यांच्या पत्नी नलूबाईंच्या स्वयंपाकघरात शिकली. तिकडे लोकशाहीसाठी झगडणारे तिचे सोबती-सोबतिणी आता लपून होते, धाकटा भाऊ त्यांच्यातच. युरोपातलं एक सरकार त्यांना मदत द्यायला तयार होतं. फक्त ही मुलं अहिंसक आहेत, असा कुणा भरवशाच्या माणसाचा शब्द हवा होता.

आणि महादेवरावांइतका भरवशाचा माणूस शोधून सापडला नसता. पवनारला चरखा शिकवण्यात हयात गेली, पण तोंडातून कधी खोटं निघालं नाही. चोरट्या दारूच्या गुत्त्यावर मोर्चा न्यायचा, तर हा गृहस्थ आदल्या दिवशी गुत्तेवाल्यालाच जाऊन सांगणार: उद्या येतो, अमुक-अमुक येणार. मोर्चा पोचला तेव्हा गुत्ता रिकामा आणि मालक हात जोडून उभा! लोक अजून हसतात. लीनाही ऐकून पोट धरधरून हसली होती.

"आबाजी, मदत नाई भेटली तं पोरं उपाशी मरतीन."

"अन् भेटली तं सरकार त्याईले परक्याचे हस्तक म्हणन."

"ते तं आताही म्हणते."

नलूबाईंनी तव्यावरची भाकर उलथली. "पोरीचा भाऊ तिकडं लपून राह्यला, अन् तुम्ही इथं तत्त्व सांगून राह्यले?"

महादेवरावांनी समोरचा चरखा बाजूला सारला.

"देतो शब्द," ते शेवटी म्हणाले. "पण एक अट. सगळं उघड पाहिजे. कोणाकोणाले मदत जाते, नाव-गाव मले सांगजो."

लीना घुटमळली. ही नावं तिनं सख्ख्या आईलाही सांगितली नव्हती. पण या घरावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग कुठे? तिनं एकेक नाव सांगितलं. शेवटी भावाचं: तोमास, बंदरामागची गल्ली, पावाच्या भट्टीवरची खोली.

महादेवरावांनी नावं पाठ केली. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ते एकेकाचं नाव घेऊन हात जोडू लागले. लीनाला गहिवरून येई.

मदत मंजूर झाली त्या दिवशी नलूबाईंनी कोथिंबीर भरून सांबारवडी केली. घर खुशीत होतं. लीना सकाळपासून भावाला फोन लावत होती, तो काही लागत नव्हता.

"लागन, लागन. काऊन घाबरतं?" महादेवराव प्रसन्नपणे म्हणाले. "मीही माह्यं काम करून टाकलं. परवाच दिल्लीले तुमच्या वकिलातीत फोन केला. सत्याग्रह समोरच्याले सांगूनच करा लागते, बाई, तवाच त्याचं मन बदलते. मोठा सभ्य साहेब होता. सगळी नावं लिहून घेतली. तोमासची तं लय आस्थेनं चौकशी केली त्यानं. म्हटलं, पावाच्या भट्टीवर राह्यते."